कागदावर पासष्ट

डाळज, १२ मे २०२५

माधव,

माझं गुडघं बरं हायत. तू इचारलं न्हाईस, नऊ वरसांत कवा इचारलं न्हाईस. पर उद्या कोण तरी तुला सांगंल की तुझी आक्का लंगडत हॉलच्या बाहिर पडली, म्हणून आधीच लिवून टाकते. मी लंगडत न्हवते. खुर्च्या लई जवळ जवळ मांडल्या हुत्या.

व्हय, मी आलते. बारामतीला, त्या हॉलात, मागनं तिसऱ्या रांगेत. औंदा रिटायर झाल्याल्या अंगणवाडीच्या बायांना चिठ्ठी आलती की निवृत्तीवर भाषण हाय, चहा-वडा हाय. भाषण कुणाचं ते बारीक अक्षरात लिवल्यालं आन माझा चष्मा जरिनाच्या पिशवीत. जरिना म्हंजे आपल्या शेजारची, भिगवणच्या बाजारात बांगड्या भरती ती. तीच म्हणली, "अगं अनसूया, ह्यो तर तुझा भाऊ." तवर दारं लावल्याली आन एसी चालू.

कोट चांगला दिसत हुता. पोट त्येच्यात मावत न्हाय, पर चांगला दिसत हुता.

तू म्हणलास, "माझ्या सख्ख्या बहिणीचंच उदाहरण घ्या. छत्तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस. आज तिच्या हातात काय आहे? शून्य. कारण नियोजन नाही." लोकांनी च्च् च्च् केलं. माझ्या बाजूची बाई बी च्च् करून मला म्हणती, "कशी बाई एकेक माणसं आसत्यात." मी म्हणलं, व्हय बाई, आसत्यात.

आता माझं ऐक. नियोजन कशाचं करू? मदतनीसला पगार नसतो, मानधन आसतं. नवरा गेल्यावर म्हायारी आले तवापास्नं त्याच मानधनात घर चालिवलं. आईला आठ वरसं अंथरुणावर मी बघितलं. तू म्हैन्याच्या म्हैन्याला पैसं धाडलंस, ते खरं, खोटं लिवणार न्हाय. पर पैशानं कूस बदलत न्हाय माणसाची. कूस मी बदलली. त्येचा रकाना तुझ्या त्या भाषणाच्या पडद्यावर मला दिसला न्हाय.

दुसरं. माणसं आता नव्वदी गाठत्यात, सरकारला पेन्शन परवडत न्हाय, तर निवृत्तीचं वय वाढवा म्हणलास. एक डाव ये आन चाळीस पोरांच्या खिचडीचं पातेलं चुलीवरनं उतरव. मग वाढव. तू सोता पासष्टीला टेकलास, लोकांना निवृत्त व्हायला शिकवत हिंडतोस, तू कवा हुणार?

एक गोष्ट बरी बोललास. पोरांच्या लग्नात सगळं उडवू नका, लग्नाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोण देत न्हाय. जरिनानं बी मान हालवली. तिनं दोन लग्नं केल्याती पोरींची.

फोन लावू नकोस. फोनवर तू मधीच बोलतोस. पत्रात बोलता येत न्हाय.

अनसूया


डाळज, ९ जून २०२५

माधव,

तुझं पत्र आलं न्हाय, तुझी फाईल आली. वल्लरीनं धाडली, वर चिठ्ठी लावून, "आत्या, बाबांनी तीन रात्री बसून केलंय, वाचा तरी." पोरगी बरी हाय तुझी. अक्षर आपल्या आईसारखं हाय, आईला लिवता आलं आसतं तर.

वाचली. चकचकीत कागद हाय. वर माझं नाव, खाली वय ६५, त्येच्या खाली अपेक्षित आयुर्मान ८५. म्हंजे मी कवा मरायचं ते बी तू ठरिवलंस. मग डाळजचं घर विकायचं, आल्याल्या पैशाचं म्हैन्याला व्याज, आन मला पुण्याच्या बाहिर म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगीत एक खोली. तितं डॉक्टर येतो, भजन आसतं, लिफ्ट हाय. फोटोतल्या म्हाताऱ्या समद्या हसत्यात. कुणाला एक बी दात कमी न्हाय.

घरावर लिवलंयस, "बसून राहिलेली मालमत्ता." माधव, घर बसूनच ऱ्हातंय. उठून कुठं जाईल?

फाईल आली सोमवारी आन गुरुवारी मल्हार आला. तोच, हायवेला ज्याची दोन हाटेलं हायत. मापाची फीत घिऊन आला, संगं एक माणूस. मला म्हणतो, "अनसूयाबाई, हितं पार्किंग, हितं किचन, हितं फॅमिली रूम." आईची खाट हुती तितं त्येची फॅमिली रूम. मी म्हणलं, इसार दिलास का? तर म्हणतो, "दसऱ्याला. माधवसाहेबांनी शब्द दिलाय."

मला त्येच्या तोंडनं कळावं? मी काय भाडेकरू हाय? कागदानं हाय, ते मला ठाव हाय. आबा गेल्यावर मला इंदापूरला नेलंस, हक्कसोडपत्रावर माझी सही घेतलीस. समद्याच बहिणी करत्यात, मी बी केली. हिरवी साडी दिलीस. कारकुनानं इचारलं, बाईंचा अंगठा का सही, तर तू ऐटीत म्हणलास, "सही. चौथी झाली आहे." त्या दिशी मला बरंच वाटलं हुतं. मग आई गेली, तेराव्याला तू म्हणलास विकू. मी म्हणलं मी कुठं जाऊ, तू म्हणलास पुण्याला. मी न्हाय म्हणलं. तितनं पुढं नऊ वरसं झाली.

तर ह्या बसल्याल्या घरात काय चालतं ते तुला सांगते, म्हंजे फायलीत लिवता यील.

एप्रिलअखेर औंदा पासष्ट हुणाऱ्या समद्या बायांना घरी बशिवलं, त्यात मला बी. सकाळी नऊ वाजलं की पाय वळायचं अंगणवाडीकडं. आठ दिस काढलं, मग कुशाबाईला म्हणलं, ये गं हितं म्होरल्या सोप्यात बसायला. ती आली, तिच्या मागं प्रयागबाई, मग सायकलीचं पंक्चर काढायचा तो खाजाभाई, आता डोळ्याला दिसत न्हाय म्हणून दुकान बंद. आता सहा जण येत्यात. ज्यानं त्यानं मूठ-मूठ तांदूळ-डाळ आणायची. मी खिचडी लावते. दर सोमवारी वजन, जरिनाच्या दिरानं धान्याचा काटा दिलाय. गोळ्या घेतल्या का इचारायचं. आन वहीत हजेरी.

तू हसशील. पर पोरगं आलं न्हाय की मदतनीसनं त्येच्या घरी जायाचं आन घिऊन यायचं, छत्तीस वरसं माझी हीच नोकरी. आता म्हातारं आलं न्हाय की जाते. पंधरा दिसांखाली कुशाबाई आली न्हाय. गेले, तर वट्यावर बसल्याली, घामानं डबडबल्याली, जीभ जड. साखर उतरल्याली. मी तोंडात गूळ कोंबला. तिची सून घरातच हुती, टीव्ही बघत. तिला वाटलं म्हातारी वारा घेतीया.

सरकारनं काय करावं ते तू लोकांना सांगतोस नव्हं? मग हे सांग. पोरांची अंगणवाडी हाय तशी म्हाताऱ्यांची पायजे. ताटभर खिचडी, काटा, आन हजेरी घेणारं एक माणूस. कोटवालं नको.

मल्हारला सांग, फीत हितंच इसरलाय. मी देणार न्हाय. पडद्याचं माप घ्यायला कामाला आली.

अनसूया


डाळज, २७ जुलै २०२५

माधव,

गुडघ्याचं मी खोटं लिवलं हुतं. आता खरं लिवते म्हणून आरडू नकोस आन गाडी काढू नकोस.

मंगळवारी सकाळी न्हाणीत पडले. गुडघ्यानं दगा दिला. डावं मनगट मोडलं, लिवायचा हात शाबूत हाय हे तू बघतोयसच. कडी आतनं लावल्याली. हाका मारल्या, पर जरिना बाजाराला गेल्याली आन हायवेच्या गाड्यांपुढं माझी हाक कोण ऐकतंय.

मग नऊ वाजलं. माझी म्हातारी मंडळी दाराशी जमली. मला आत समदं ऐकू येत हुतं, पर हाका मारून माझा आवाज बसला हुता. प्रयागबाई म्हणती, "झोपली आसंल." खाजाभाई म्हणला, "अनसूयाबाई छत्तीस वरसांत झोपली न्हाय नऊला. हजेरीला मदतनीसच न्हाय, म्हंजे घरी जाऊन बघायचं, आसा तिचाच कायदा हाय." आन आंधळ्यानं रस्ता दाखवला बघ. त्यानं आन कुशाबाईनं मिळून न्हाणीच्या दाराची कडी उचकटली. दोघांची मिळून दीडशे वरसं. आत आल्यावर कुशाबाई मला म्हणती, "उघडी हायस, लाज न्हाय वाटत?" मी म्हणलं, त्येला दिसत न्हाय, तू तेवढी डोळं मीट.

भिगवणला हाड बसवलं. जरिना रातीची हितंच निजती. तिच्या खोलीचा मालक भाडं वाढवतोय, तर मी म्हणलं हितंच ये कायमची. तुझ्या फायलीत माझ्या म्हातारपणाची सोय म्हणून व्याज लिवलंयस. माझी सोय जरिना हाय. तिला सुईत दोरा ओवता येत न्हाय आन मला उठता येत न्हाय, दोघींचं मिळून एक धड माणूस हुतं.

आता फायलीतली चूक. न्हाणीत तासभर पडले हुते, दुसरं काय काम न्हवतं, म्हणून तिचाच इचार केला.

तू माझं वय पासष्ट लिवलंस. आधार कार्डावर तसंच हाय. एक जून साठ. तुझी बी तीच तारीख. सरकारला त्यात काय वाटत न्हाय, आपल्या पिढीचा निम्मा तालुका एक जूनला जन्मला. पर तू माझा हिशोब मांडताना, बाजूला सोताची तारीख तीच आसताना, तुला काय वाटलं न्हाय?

पानशेत फुटलं तवा मी सहा वरसांची, शेळ्यांमागं हुते. कोयनेचा भूकंप झाला तवा बारा वरसांची. आता काढ हिशोब, बँकेत हुतास.

तुला शाळंत घालायचं ठरलं त्या दिशी आबा कारखान्यावर गेल्यालं, म्हणून तुला घिऊन मी गेले. गुरुजी म्हणलं, ही पोरगी रोज खिडकीशी उभी आसती, हिचं बी नाव घालू. पर अकरा वरसांची पोर पयलीत कशी दाखवायची? म्हणून त्यांनी तुझीच तारीख माझ्या म्होरं बी टाकली. भला माणूस. त्येच्यामुळंच मला चार बुकं आली, दाखला मिळाला, नोकरी मिळाली. पाच वरसं जास्त राबले त्या तारखेपायी, त्येची तक्रार न्हाय, मानधन मिळालं.

गुरुजींनी खोटं लिवलं ते माझ्या भल्यासाठी. आधारवाल्या पोरानं दाखला बघून लिवलं. तू काय बघून लिवलंस?

मी तुझी थोरली हाय, माधव. समद्या दुनियेनं पासष्ट लिवलं तर चालंल. त्या शाळंच्या दिशी तू कुठं हुतास आन कसा आलास ते तुझं तूच आठव. मी लिवणार न्हाय.

अनसूया


डाळज, १० सप्टेंबर २०२५

माधव,

न सांगता आलास ते बरं केलंस. सांगून आला आसतास तर मी जरिनाच्या पोरीकडं गेले आसते.

मी आत फोडणी टाकत हुते, म्हणून तुला खाजाभाई भेटला. त्येला तू कोण ते दिसलं न्हाय. मी आतनं ऐकत हुते.

"नाव?"

"माधव."

"वय?"

"पासष्ट."

"कागदावरचं का खरं? हितं दोन्ही चालत्यात, पर सांगावं लागतं."

मग म्हणलास, "माझं खरं आहे."

"मग बसा. आज सोमवार न्हाय, पर नवा माणूस आला की वजन करायचं."

आन बसलास की काट्यावर! चौऱ्याऐंशी किलो. कुशाबाई म्हणली, "ह्येच्यात माझ्यासारख्या दोन बसत्यात, वर पिशवी बी." तू हसलास. तू हसलेला मी आई जायच्या आधी कवातरी बघितला हुता.

खिचडी दोनदा घेतलीस. मग लागलास इचारायला. ह्यात कोण दगावलं तर जबाबदार कोण? गोळ्या चुकल्या तर? कुशाबाईच्या सुनंनं तक्रार केली तर? मी म्हणलं, सून टीव्ही बघती. मग तू म्हणलास, "अक्का, तू पडलीस तेव्हा एक दिवस हे सगळं बंद पडलं. जी योजना एका माणसावर उभी असते, ती योजना नसते. ती सवय असते."

ते मला लागलं. कारण खरं हुतं. तुझ्या समद्या भाषणात हे एकच वाक्य मी घरी घिऊन आले आसते, पर तू ते तितं बोलला न्हाईस.

म्हणून केलंय ते सांगते. आता वही एक दिस माझ्याकडं, एक दिस जरिनाकडं. खाजाभाईला दिसत न्हाय, पर त्येला समद्यांच्या पावलाचा आवाज ठाव हाय, तो तोंडानं हजेरी घेतो आन आमी लिवतो. अंगणवाडीच्या नव्या मदतनीस पोरीला बी म्हणलं, जाता-येता डोकावत जा. ती म्हणली, मला त्येचं काय मिळंल? मी म्हणलं, तू म्हातारी झालीस की हजेरी. हसली पर येती.

जाताना तू आईच्या खाटेच्या जागी बराच वेळ उभा हुतास. मल्हारचं काय ते बोलला न्हाईस. मी बी इचारलं न्हाय. तिकडं त्यानं रोडला बोर्ड बनवायला टाकलाय म्हणत्यात. दसऱ्याला बावीस दिस हायत. घर कागदानं तुझं हाय, इसार घेतलास तर मी भांडायला येणार न्हाय, कोर्टात तर न्हायच. पर ह्या सहा जणांना तू येऊन सांगायचं. मी सांगणार न्हाय. आन खाजाभाईला दोनदा सांगावं लागंल, नको आसल्यालं त्येला एकदा सांगून ऐकू येत न्हाय.

अनसूया


डाळज, १७ ऑक्टोबर २०२५

माधव,

काल इंदापूरला जे झालं त्यात तीन गोष्टी मला आवडल्या न्हाईत, त्या आधी लिवते.

एक, वल्लरीनं चाकाची खुर्ची आणली. मला काठी पुरती. रजिस्टरच्या हापिसात लोकं उठून जागा द्यायला लागली, जशी काय माझी शेवटची सही हाय.

दोन, मल्हारला दसऱ्याच्या आदल्या दिशी नकार दिलास आन मला कळीवलं न्हाईस. तो आला, दारात उभा ऱ्हायला, म्हणला, "बाई, माझी फीत द्या." मी म्हणलं का रं? तर म्हणला, "साहेब न्हाय म्हणलं." म्हंजे विकतोस ते बी मल्हारनं सांगायचं आन विकत न्हाईस ते बी मल्हारनंच. फीत दिली. पडदं झाल्यातच.

घराच्या अर्ध्याचं बक्षीसपत्र माझ्या नावानं केलंस ते शहाणपणाचं. समदं दिलं आसतंस तर मी घेतलं नसतं. आता विकायचं म्हणलं तर दोघांच्या सह्या लागत्याल, म्हंजे तुला येडं लागलं तर मी हाय, मला लागलं तर तू हायस. ह्याला भाऊबीज म्हणू नकोस. साडी आणली न्हाईस हे लई बरं केलंस.

माझ्या माघारी माझ्या निम्म्याचं काय ते इचारलंस. जरिना आसंस्तवर तिनं हितं ऱ्हायचं. तिच्या माघारी वल्लरीचं. कागद कर, सही करते. आता सवय झाली.

तीन. आन हे मला मुळीच आवडलं न्हाय.

कारकून बरा पोरगा हुता. दोघांची आधारं बघितली आन म्हणला, "तारीख एकच हाय. जुळी भावंडं का?" मी व्हय म्हणणारच हुते. व्हय म्हणलं की काम उरकतं. मागं रांग हुती, जेवणाची सुट्टी व्हायला आलती.

तर तू म्हणलास, "नाही. ही थोरली आहे, पाच वर्षांनी. मला शाळेत घालायला हीच घेऊन गेली होती. ओढ्याला पाणी होतं, मी रडत होतो, तर मला कडेवर घेऊन ओढा ओलांडला हिनं. सहा वर्षांच्या घोड्याला."

त्यो पोरगा लिवायचा थांबला. रांगेतली माणसं माना लांब करून बघाय लागली. जरिना साक्षीदार म्हणून उभी हुती, ती पदर तोंडाला लावून बसली, तिला सही कुठं करायची ते दोनदा सांगावं लागलं. आन तू रुमाल काढलास. सरकारी हापिसात. पासष्टचा बाप्या.

काय गरज हुती? कागदात ते कुठं लिवायचं नसतं. रकाना बी न्हाय त्येला.

जरिनाचं सामान आलं. दोन ट्रंका आन बांगड्यांच्या पेट्या, आईच्या खाटेच्या जागी ठेवल्यात. सोमवारी वजनाला यायचं म्हणलास तर ये, नऊला. सव्वानऊला आलास तर गैरहजर लिवू. तांदळाची मूठ आण, तुझी मूठ मोठी हाय, दोन मुठी आण.

काल रातच्याला वल्लरीचा फोन आला. "आत्या, खरंच कडेवर नेलं होतंत? पाणी किती होतं? तुम्हाला भीती नाही वाटली?" मी फोन जरिनाकडं दिला.

तू बी पत्रात तेच इचारशील. मी सांगणार न्हाय. वढ्याला पाणी किती हुतं, कुठल्या कडेवर घेतलं, काय न्हाय. ह्या इषयावर माझं लिवणं हितं संपलं.

अनसूया